आकड्यानंतर काय? मधुमेहासाठीच्या डिजिटल साधनांच्या अभ्यासाला प्रस्तावना

या विषयाकडे येणारी माणसे एका वाटेने येत नाहीत. कुणी डॉक्टर असतो. तीच ती चिठ्ठी वर्षानुवर्षे लिहूनही रोग्याची शुगर का उतरत नाही, म्हणून वैतागलेला असतो. कुणी संगणकाचे शिक्षण घेतलेली मुलगी असते. ॲप तिला बनवता येते, पण तीन आठवड्यांनी ते कुणी उघडत का नाही, हे तिला कळून घ्यायचे असते. नर्सिंगचे, समाजकार्याचे, मानसशास्त्राचे विद्यार्थी येतात. आणि बरेच जण येतात ते घरात कुणाला तरी शुगर निघाली म्हणून. या सगळ्यांचे इथे स्वागत आहे. शेवटच्या गटातल्यांचे जरा जास्तच, कारण या क्षेत्रातले खरे प्रश्न त्यांना पुस्तक उघडण्याआधीच भेटलेले असतात.

डिजिटल साधन म्हटले की स्मार्टफोन डोळ्यांपुढे येतो. अभ्यासाचा आवाका त्याहून मोठा आहे. बोटातून थेंब घेणारे ग्लुकोमीटर, दंडावर चिकटवायचा सेन्सर, साध्या फोनवरचा एसएमएस, रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवणारा कॉल, व्हॉट्सॲपचा गट, उपकेंद्रातल्या सिस्टरच्या हातातला टॅब्लेट, ई-संजीवनीवरून तालुक्याच्या डॉक्टरांशी होणारे बोलणे, हे सगळे त्यात येते. मधुमेहाचा रोगी डॉक्टरसमोर वर्षात फार तर काही तास बसतो. बाकीच्या वेळात काय खायचे, गोळी कधी घ्यायची, चक्कर आली तर काय करायचे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. त्या वेळात त्याला सोबत करता येईल का, एवढाच या साधनांचा खटाटोप आहे.

उदाहरणे मुद्दाम बीड जिल्ह्यातली घेतली आहेत. या विषयावरचे बहुतेक लेखन वाचताना मनापुढे एक ठरावीक रोगी उभा राहतो. तो शहरात राहतो, पगारदार आहे, त्याचा फोन त्याच्याच खिशात असतो आणि ताटात काय यावे हे तो सांगू शकतो. बीडमध्ये यातले एकेक गृहीतक गळून पडते. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार, तालुके ११, पाचांतले चार जण खेड्यात. दसरा-दिवाळीनंतर यातले लाखो लोक ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परततात. ज्या साधनाला हे वर्ष कळते ते कुठेही चालेल, असा माझा होरा आहे. पुण्याच्या कोथरूडमध्ये यशस्वी झालेले साधन बीडमध्ये चालेलच, असे मात्र म्हणता येत नाही.

आधी थोडा इतिहास, कारण ॲप हे या गोष्टीतले बरेच उशिराचे प्रकरण आहे. मोजमाप दवाखान्यातून घरात आले तिथे या क्षेत्राचा आरंभ धरावा. आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांना बेनेडिक्टची परीक्षा आठवत असेल. निळ्या द्रावणात लघवीचे काही थेंब टाकून परीक्षानळी तापवायची आणि रंग हिरवा, पिवळा, नारिंगी की विटकरी झाला ते पाहायचे. लघवीत साखर उतरते तोवर रक्तातली बरीच वाढलेली असते, त्यामुळे ही बातमी नेहमी शिळी. पुढे रक्ताच्या पट्ट्या आल्या आणि १९७०च्या सुमारास अमेरिकेत एम्स कंपनीचे रिफ्लेक्टन्स मीटर आले. ते डॉक्टरांसाठी आणि इस्पितळांसाठी होते, रोग्याला विकत मिळत नसे. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या, लहानपणापासून मधुमेह असलेल्या इंजिनिअरने ते आपल्या डॉक्टर पत्नीच्या नावावर मागवले, स्वतःची शुगर दिवसातून अनेकदा मोजायला सुरुवात केली आणि इन्सुलिन व जेवण त्याप्रमाणे बदलून पाहिले. त्याचे म्हणणे कुणी ऐकेना, तेव्हा चाळिशीनंतर तो स्वतःच डॉक्टर झाला. शुगर आटोक्यात ठेवल्याने डोळे, मूत्रपिंड आणि नसा वाचतात, हे १९९३च्या डीसीसीटी चाचणीने टाइप १ मधुमेहात आणि १९९८च्या यूकेपीडीएस चाचणीने टाइप २ मध्ये पक्के केले. रोग्याच्या हातात मीटर द्यावे की नाही, हा वाद त्यानंतर फारसा उरला नाही.

त्याच्या पुढचा वाद मात्र अजून जिवंत आहे. नुसते मोजल्याने काय होते? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप २च्या ४५० रोग्यांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ साली आले. काहींनी रोज घरी मोजले, काहींनी मोजलेच नाही, काहींना मोजल्यावर मीटरवरच सल्ल्याचा मजकूरही मिळत होता. वर्षअखेरीस तिन्ही गटांच्या एचबीए१सीमध्ये, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरमध्ये, म्हणण्याजोगा फरक नव्हता. नव्या अभ्यासकाने ही चाचणी अगदी सुरुवातीला वाचावी. हिरमोड होतो, पण डोके जागेवर येते. मीटरवर २४० दिसले आणि त्या आकड्यानंतर काय करायचे हे माहीत नसले, किंवा माहीत असूनही करता येत नसले, तर पट्टीचे पैसे गेले आणि मनस्ताप तेवढा पदरात पडला.

आता आपल्या देशाचे आकडे. आयसीएमआर-इंडियाब या सर्वेक्षणाचे राष्ट्रीय निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना, आणि आणखी १५.३ टक्के उंबरठ्यावर आहेत. याच सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता. २०११ साली आलेल्या त्या निष्कर्षांत राज्याच्या शहरी भागात १०.९ टक्के आणि ग्रामीण भागात ६.५ टक्के प्रमाण निघाले होते. खेड्यातला माणूस कष्ट करतो, त्याला कुठली शुगर, ही समजूत तेव्हाच मोडायला हवी होती.

ती का मोडावी याचे उत्तर पुण्यात शोधले गेले. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा सुरू केला. आपली बाळे वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचा वाटा तुलनेने जास्त असतो, हे त्यातून दिसले. 'बारीक पण चरबीदार' भारतीयाची ही कल्पना पुढे एका छायाचित्राने जगभर पोचवली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर विसंबणाऱ्या ॲपवाल्यांनी हा फोटो भिंतीवर लावावा. बीडमध्ये शिडशिडीत, उन्हाने रापलेल्या माणसाला शुगर निघते तेव्हा तो स्वतःही विश्वास ठेवत नाही आणि ॲपसुद्धा त्याला 'धोका कमी' सांगून मोकळे होते. आईच्या पोटात असताना झालेल्या उपासमारीचा पुढच्या मधुमेहाशी संबंध असतो, हे नेदरलँड्समधल्या १९४४-४५च्या दुष्काळी हिवाळ्याच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. मराठवाड्यात १९७२च्या दुष्काळात जी बाळे पोटात होती, ती आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढलेल्या आयांची ही मुले. त्यांची शुगर कशी आहे, हा प्रश्न कुणी तरुण अभ्यासकाने हाती घ्यावा असा आहे.

फोनने वागणूक बदलते का? या प्रश्नाला भारतातूनच एक भक्कम उत्तर आले आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली दाखवले होते की उंबरठ्यावरच्या लोकांना आहार-व्यायामाचे नीट मार्गदर्शन मिळाले तर तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटते. अडचण अशी, की असे मार्गदर्शन करायला माणसे लागतात आणि माणसांना पगार. म्हणून त्यांनी पुढे एसएमएस वापरून पाहिला. ५३७ पुरुष, सगळे नोकरदार आणि उंबरठ्यावरचे. सर्वांना सुरुवातीला एकदा सल्ला दिला आणि निम्म्यांना त्यानंतर दोन वर्षे संदेश पाठवले. २०१३च्या निष्कर्षांनुसार नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला, संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना. संदेश सगळ्यांना एकच नव्हते. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांच्या सिद्धांताप्रमाणे माणूस बदलाचा अजून विचारच करत नाही, की तयारीत आहे, की चालायला लागलाही आहे, हे पाहून मजकूर ठरत होता. याच सुमारास आरोग्य वर्ल्ड या संस्थेने नोकियाच्या साहाय्याने १२ भाषांत दहा लाख लोकांना संदेश पाठवले, आणि २०१६ साली केंद्र सरकारने मिस्ड कॉल दिला की संदेश सुरू होणारी एमडायबेटिस सेवा काढली.

इथवर वाचून उत्साह आला असेल तर पुढच्या दोन चाचण्या एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात. एमवेलकेअर नावाची चाचणी हरियाणा आणि कर्नाटकातल्या ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत झाली, सुमारे ३,७०० रोग्यांवर. नर्सच्या हातात टॅब्लेट, त्यात रोग्याची नोंद आणि डॉक्टरला उपचाराचा सल्ला देणारी संगणकप्रणाली. २०१९ साली निकाल लागला: तुलनेच्या केंद्रांपेक्षा शुगर किंवा रक्तदाबात जास्तीची सुधारणा नाही. मात्र तुलनेच्या केंद्रांतही प्रशिक्षण आणि तक्ते दिलेले होते, हे विसरू नये. दुसरी चाचणी कार्स. भारत आणि पाकिस्तानातली १० मधुमेह केंद्रे, १,१४६ रोगी. इथेही डॉक्टरला सल्ला देणारी प्रणाली होती, पण तिच्या जोडीला प्रत्येक केंद्रात एक समन्वयक होता. तो डॉक्टर नव्हता. रोग्यांना फोन करायचा, तपासणीची आठवण द्यायची, गोळी का सुटली ते विचारायचे, हे त्याचे काम. २०१६च्या निष्कर्षांत शुगरबरोबर रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलही आटोक्यात आलेल्यांचे प्रमाण १८.२ टक्के निघाले, नेहमीच्या उपचारात ते ८.१ होते. रोगी वेगळे, केंद्रे वेगळी, त्यामुळे या दोन चाचण्यांची थेट बेरीज-वजाबाकी होत नाही. तरी या क्षेत्रात काही वर्षे काढल्यावर माझे मत त्यातूनच बनले आहे. साधनामागे ओळखीचा माणूस उभा असला तर साधन चालते. एसएमएसच्या चाचणीतही सुरुवातीला समोरासमोर बसून दिलेला सल्ला होताच.

आता बीडमधली एक बाई डोळ्यांपुढे आणावी. वय पंचेचाळीस, कोयत्यातली अर्धी भागीदार. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल त्या जोडीच्या नावावर असते. पहाटे तीन-चारला उठून ती भाकऱ्या थापते, उजाडायच्या आत फडात पोचते, दिवसभर ऊस सोलते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. गाडी रात्री आली तर रात्री भरते. आजारी पडून काम बुडाले तर खाडा लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. गावाकडच्या शिबिरात तिला शुगर निघाली आहे आणि ग्लिमेपिराइडची गोळी सुरू आहे.

कुठल्याही ॲपमध्ये तिला पहिला सल्ला काय मिळेल? रोज तीस मिनिटे चाला. दहा हजार पावले पुरी करा. (हा दहा हजारांचा आकडा १९६५ साली जपानमध्ये एका पाऊलमापकाच्या जाहिरातीतून आला. वैद्यकाशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला.) तिचा खरा धोका वेगळा आहे. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. गोळी पहाटे घेतली, न्याहारी लांबली आणि अंगमेहनत सुरू झाली, तर शुगर झपाट्याने खाली येते. तेव्हा घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. फडात ऊस तोडणाऱ्या कुणालाही दुपारी हेच होते, म्हणून तिच्या किंवा आजूबाजूच्यांच्या लक्षात येत नाही. तिला हव्या असलेल्या संदेशात तीनच गोष्टी असतील: गोळी भाकरीबरोबरच घ्यायची, पदराला साखरेची पुडी बांधून ठेवायची, आणि थरथर सुटली तर आधी साखर खायची, मग मोळी उचलायची. असा संदेश लिहायला तंत्रज्ञान फारसे लागत नाही, पण फडातला दिवस कसा जातो ते माहीत असावे लागते.

इन्सुलिनवर असलेल्याचे हाल आणखी. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, फ्रीज नसतो आणि फेब्रुवारीनंतर ऊन तापते. मातीच्या मडक्यात, ओल्या वाळूत कुपी ठेवली तर बऱ्यापैकी गार राहते, हे माहीत असणारा कुणीतरी जवळ हवा. मग एप्रिल-मेमध्ये तीच बाई गावी परत येते आणि तिचे शरीर दुसऱ्याच वेळापत्रकावर जाते. काम एकदम कमी, जेवण वेळेवर, लग्नसराईची पंगत, आषाढी, श्रावण, सप्ताहाचा महाप्रसाद. हंगामात बेताची पडणारी गोळी आता अपुरी पडते. एकाच माणसाला वर्षात दोन वेगवेगळे सल्ले लागतात, आणि असे दोन हंगाम ओळखणारे मधुमेहाचे ॲप माझ्या पाहण्यात नाही. एकादशीचे तेच. साबुदाणा जवळजवळ नुसता स्टार्च आहे. उपवास करू नका म्हटले तर कुणी ऐकणार नाही. उपवासाला भगर किती, दाणे किती, गोळी घ्यायची की निम्मी करायची, हे डॉक्टरला आधीच विचारून ठेवा, असा संदेश दशमीला गेला तर कदाचित ऐकतील. ज्वारीच्या भाकरीबद्दलही एक सावधगिरी. रेशनच्या गहू-तांदळाने ज्वारी मागे सारली ही तक्रार खरी आहे, पण भाकरी म्हणजे औषध, कितीही खा, असा समज पसरवणारे संदेशही रोज फिरत असतात. भाकरीतही पिष्ट आहे, आणि चार भाकरी म्हणजे चार भाकरीच.

वर्तनबदलाच्या सिद्धांतांची ओळख इथे थोडक्यात करून देतो, कारण त्यांवर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ साली मांडले की 'हे मला जमेल' असा विश्वास असल्याशिवाय माणूस वागणूक बदलत नाही. सुझन मिची आणि सहकाऱ्यांनी २०११ साली क्षमता, संधी आणि प्रेरणा या तिन्हींचा मेळ लागतो असे सांगितले, आणि दोन वर्षांनी वर्तनबदलाच्या ९३ तंत्रांची यादी केली. बहुतेक ॲप प्रेरणेवर काम करतात: बिल्ले, हिरवे टिळे, 'शाब्बास' म्हणणारी चित्रे. बीडमध्ये तुटवडा संधीचा असतो. चुलीवर एकच कोरड्यास शिजते आणि ते घरातल्या सगळ्यांसाठी असते. फोन घरात एकच, तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ग्रामीण महाराष्ट्रातल्या जेमतेम चौथा हिस्सा बायकांनी कधीतरी इंटरनेट वापरलेले आढळले. ही फेरी कोरोनाआधीची, त्यामुळे चित्र आता बदलले असणार, पण फोन कुणाच्या हातात आहे हा प्रश्न आजही पहिला विचारावा.

आपल्या भागातला सर्वांत मोठा डिजिटल प्रयोग कुठल्याही कंपनीने किंवा विद्यापीठाने आखलेला नाही. तो शेजारच्या लातुरातून आला. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली जीवनशैली लोकांपुढे मांडली. दिवसात दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे, मध्ये काही खायचे नाही आणि रोज ४५ मिनिटे चालायचे. व्याख्यानाचे व्हिडिओ फोनाफोनांतून फिरले, राज्य शासनाने त्यांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे दूत नेमले, आणि व्हॉट्सॲपवर गटामागून गट उभे राहिले. गटात येताना एचबीए१सी आणि उपाशीपोटीचे इन्सुलिन तपासून यायचे, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे, शंका गटात विचारायच्या आणि जुन्या सदस्यांनी नव्यांना उत्तरे द्यायची.

या पद्धतीच्या वैद्यकीय दाव्यांवर आहारतज्ज्ञांनी आणि डॉक्टरांनी आक्षेप घेतले, वाद झाले. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने डॉक्टरला न विचारता दोन जेवणांवर येणे धोक्याचे आहे, यात मला तरी शंका नाही. पण वर्तनबदलाचा अभ्यासक म्हणून या गटांकडे नाक मुरडून चालणार नाही. त्या ९३ तंत्रांच्या यादीतली कितीतरी इथे आपोआप आली: साधा आणि ठाम नियम, सुरुवातीचे मोजमाप, ठरलेल्या मुदतीने फेरमोजणी, आपल्यासारख्याच माणसाचा दाखला, प्रश्न विचारायला जागा. सगळे मराठीतून, फुकट, आणि लोकांच्या हातात आधीच असलेल्या ॲपवर. 'दीक्षित डाएट' चालू आहे का, असे लग्नाच्या पंगतीत एकमेकांना विचारले जाऊ लागले, तेव्हा नको म्हणण्याला पहिल्यांदा प्रतिष्ठा मिळाली. लाडवासाठी आग्रह करणाऱ्या यजमानापुढे एरवी रोग्याचे काही चालत नाही. किती लोक टिकले, कोण गळाले, बायका किती होत्या, मजुरी करणारे किती, याचा काटेकोर हिशेब मांडणे हे पुढच्या संशोधकाचे काम आहे. या गटांच्या पोटात सामग्री भरपूर आहे.

सरकारी बाजूला एवढे लक्षात ठेवावे. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. आता आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा, जोखमीला गुण देणारा सीबॅक फॉर्म भरतात, चारच्या वर गुण मिळालेल्यांना तपासणीसाठी आधी पाठवतात, आणि नोंद पोर्टलवर जाते. आशांच्या हातातल्या नोंदवह्या आणि ॲप यांची संख्या पाहिली तर डिजिटल साधनांचे ओझे कुणावर पडते हे वेगळे सांगावे लागत नाही. उलट दिशेचे उदाहरण म्हणजे भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रम. महाराष्ट्रात तो भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत सुरू झाला. या कामासाठी बनलेले 'सिंपल' ॲप नर्ससाठी आहे आणि त्यात काही सेकंदांत नोंद होते. रोग्याला मिळतो कागदी कार्डावरचा क्यूआर कोड. बीडच्या माणसाच्या खिशात असे कार्ड असेल आणि साताऱ्यातल्या फडाजवळच्या उपकेंद्रात ते वाचले जाऊन महिन्याच्या गोळ्या मिळतील, तर ऊसतोड कामगाराच्या मधुमेहाचा निम्मा प्रश्न सुटेल. आरोग्याच्या नोंदी जोडणाऱ्या आभा क्रमांकाकडून तीच अपेक्षा आहे. मात्र औषधाचा साठा गावाच्या लोकसंख्येवर ठरत असेल आणि गाव हंगामात दोनशे किलोमीटर दूर असेल, तर नोंद पोचूनही गोळी पोचत नाही. हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या बाहेरचा आहे, म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांनी तो आधी समजून घ्यावा.

दंडावरच्या सेन्सरबद्दल, म्हणजे सीजीएमबद्दल, तरुणांना फार कुतूहल असते. तो रक्तातली नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे काही मिनिटे मागे असतो. २०१९च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बहुतेक रोग्यांची शुगर दिवसाचा ७० टक्के वेळ ७० ते १८० यांदरम्यान राहावी असे लक्ष्य आहे. माजलगावात वडिलांच्या दंडावर सेन्सर आणि हिंजवडीत मुलाच्या फोनवर आलेख, अशी घरे आता भेटतात. रात्री साडेनऊला मुलाचा फोन येतो, "बाबा, आत्ता काय खाल्लंत?" यात काळजी आहे आणि पाळतही. काही वडील दुसऱ्या महिन्यात सेन्सर लावायचा बंद करतात. किंमत हे कारण सांगतात, आणि ते खोटेही नसते. सेन्सरच्या मानाने एचबीए१सी स्वस्त, पण त्यातही एक खाच आहे. लोह कमी असल्याने झालेल्या रक्तक्षयात हा आकडा खोटाच वर जाऊ शकतो, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. बीडच्या बाईचा ६.६ पाहून तिला लगेच मधुमेही ठरवणाऱ्या प्रणालीला तिचे हिमोग्लोबिन विचारण्याची सवय लावायला हवी.

राहता राहिली प्रत्यक्ष कामाची सुरुवात. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९७०च्या दशकात खेड्यांसाठी म्हणूनच उभे राहिलेले. तिथल्या किंवा कुठल्याही संस्थेतून तुम्ही जिल्ह्यात अभ्यास मांडणार असाल तर पहिली मोजणी भाद्रपदाच्या आत उरका. दिवाळीनंतर गेलात तर गावात म्हातारी माणसे आणि शाळेची मुले भेटतील, आणि तुमचा नमुना जिल्ह्याचा न राहता मागे उरलेल्यांचा होईल. फेरमोजणी एकदा फडावर आणि एकदा पट्टा पडल्यावर ठेवा. फोन नंबर दोन घ्या, कारण रिचार्ज संपला की एक बंद पडतो. दुसरा नंबर गावाकडच्या जावेचा, भावाचा किंवा शेजारच्या कोपीतल्या बाईचा असावा, आणि तो कुणाचा हे रोग्यालाच ठरवू द्या. मुकादमाचा नंबर घेण्याचा मोह होईल, कारण टोळी कुठे आहे हे त्याला नेहमी माहीत असते. तो घेऊ नका. 'तुमची एचबीए१सी तपासणी बाकी आहे' असा संदेश त्याच्या फोनवर गेला, तर पुढच्या हंगामात त्या जोडीला उचल कमी मिळू शकते, किंवा मिळणारही नाही. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीबद्दल बरेच काही सांगतो. संमतीच्या कागदावर अंगठा घेण्याआधी हा मुकादमाचा धोका त्या दोघांना तोंडी समजावून सांगा, आणि त्यांनी नको म्हटले तर त्यांचे नाव यादीतून काढा.